वैमानिकांचे हवामानज्ञान

सानपाड्याच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस डोंगररांग आणि दक्षिणेस डिसेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झालेला नवी मुंबईचा विमानतळ. येथील तरुणांना वैमानिक होण्याची ओढ लागली, तर नवल नाही. परंतु त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या हवामानशास्त्राच्या परीक्षेकडे पाहण्याची दृष्टी चिंताजनक आहे. शंभरात सत्तर गुण मिळाले की विषय संपला, अशी समजूत! बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे घोकून हे गुण मिळतीलही. प्रश्न उरतो तो जाणिवेचा.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्याच शहरातील कुलाब्यास अवघा ७३. शहराच्या सरासरीवर विसंबणाऱ्या वैमानिकाची अशा वेळी काय गत होईल? उंचीमापकाचेही तसेच. ते यंत्र वस्तुतः उंची नव्हे, हवेचा दाब मोजते. कमी दाबाच्या क्षेत्रात शिरताना त्यावरील दाबाचा आकडा बदलला नाही, तर अवघ्या १० हेक्टोपास्कलच्या घसरणीने विमान दाखविलेल्या उंचीहून सुमारे पावणेतीनशे फूट खाली असते. ढगांत डोंगर दडलेला असेल, तर एवढे अंतर जीवघेणे ठरते.

तेव्हा प्रशिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्यांकडून ढग, वारा व दाब यांची रोज नोंद करून घ्यावी, त्यांचा अंदाज हवामान खात्याच्या अंदाजाशी ताडून पाहावा आणि त्या नोंदवहीलाही परीक्षेत गुण असावेत. प्रवाशांचे प्राण ज्यांच्या हाती सोपवावयाचे, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.