माळ्यावरची हलगी

मे महिन्यात माझी दहा वर्षांची भाची लातूरहून यशवंतपूरच्या गाडीने माझ्याकडे आली. पहिल्यांदाच एवढ्या लांब. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला, फेलोशिप कधी वेळेवर तर कधी तीन महिन्यांनी, आणि बहिणीचा फोनवरून एकच धोशा: "तिला मोबाईलपासून लांब ठेव, काहीतरी शिकव." म्हणून एका संग्रहालयाच्या उन्हाळी शिबिरात तिचं नाव घातलं. चार दिवसांचे साडेतीन हजार रुपये. पहिल्या दिवशी कुंभाराचं चाक, दुसऱ्या दिवशी बुरुडकाम, तिसऱ्या दिवशी चामड्याच्या बाहुल्या, चौथ्या दिवशी तमटे.

तमटे म्हणजे इकडची हलगी. शिकवायला आलेले गृहस्थ पन्नाशीचे होते. पूर्वी वाजवण्याआधी काडीकचरा पेटवून त्यावर कातडं तापवायचे, आता संग्रहालयाच्या एसी हॉलमध्ये जाळ कोण करू देणार? त्यांच्याकडची तमटे फायबरची होती. तापवायला नको, दमट हवेने सैल पडायला नको. मुलं खूश होती. माझी भाची दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि मग खणखणीत मराठीत म्हणाली, "मावशी, ही आबांच्या माळ्यावर आहे ना आपल्या?"

आजूबाजूला इतर मुलांच्या आया बसल्या होत्या. दोघी-तिघींना मराठी कळत होतं, त्यांनी मान वळवली. मी म्हणाले, "तसलंच काहीतरी असेल. तू वाजव."

समाजशास्त्रात एम.ए., जात या विषयावर सेमिनार पेपर वाचलेली, विद्यापीठाच्या गेटवर घोषणा दिलेली मी, दहा वर्षांच्या पोरीला "हो" म्हणू शकले नाही. शिकवणाऱ्या गृहस्थांनी मात्र ऐकलं होतं. कन्नडमध्येही या वाद्याला हलगे म्हणतात. ते जवळ आले, मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "घर में कोई बजाता था?" मी मान हलवली. ते हसले, भाचीच्या हातातलं टिपरू जरा खाली धरायला लावलं आणि पुढच्या मुलाकडे गेले.

आमच्या घरात हलगी माझ्या आज्याने वाजवली. गावची दवंडी, कुणाचं मयत, वरात, देवीची जत्रा. वरातीच्या पुढे चालायचं ते मांगाने, मंडपाच्या बाहेर पंगत उठेपर्यंत थांबायचं तेही मांगाने. माझे अण्णा दहावी झाले, एसटीत लागले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे घरात हलगीचा आवाज नको. हा निर्णय छोटा नव्हता. आज्याशी त्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. आमच्यापैकी अनेकांच्या घरी असं काहीतरी घडलेलं आहे. कुणी मेलेलं जनावर ओढणं सोडलं, कुणी येसकराची काठी टाकली. ते सोडलं म्हणून आपण शाळेत गेलो. त्यामुळे ज्यांना वारसा म्हणजे फक्त अभिमान वाटतो, त्यांच्या रांगेत मला उभं राहता येत नाही.

पण संग्रहालय आपल्याला त्याच रांगेत उभं करतं. त्या शिबिराच्या माहितीपत्रकात तमटे हे "दक्षिण भारतातलं उत्साही लोकवाद्य" होतं. कातडं कुणी कमावलं, वाजवणाऱ्याला देवळात जाता येत होतं का, एक शब्द नाही. बुरुडकाम "पर्यावरणपूरक" होतं. जातीने लादलेली कामं जात पुसून, धुऊन, फी लावून छंद म्हणून परत मिळतात. आणि ती शिकवायला त्याच जातीतला माणूस दिवसाच्या मानधनावर येतो. तो अधिकारी म्हणून त्या इमारतीत कधी शिरतो? कलाकारांचा सन्मान होतच नाही असं नाही. चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या पिंडिपापनहळ्ळीचे तमटेवादक मुनिवेंकटप्पा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, मला आनंद झाला. पण सन्मान एका माणसाचा होतो. भिंतीवरची पाटी मात्र तशीच राहते.

पाट्यांवरून आठवलं. बेंगळुरूत आले त्या पहिल्या वर्षी मी कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयात गेले होते. १८६५ साली सुरू झालेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. तिथे आतकूरचा शिलालेख आहे, इसवी सन ९४९च्या सुमाराचा. त्यात राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाने चोळांवर मिळवलेल्या विजयाची नोंद आहे, आणि एका कुत्र्याचीही. कुत्र्याचं नाव काळी. मणलेर नावाच्या योद्ध्याने गंग राजा बूतुगाकडून बक्षीस म्हणून हा कुत्रा मागून घेतला. एका रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले. मग काळीसाठी देवळापुढे दगड उभा राहिला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. मला ती गोष्ट आवडली, खोटं कशाला बोलू. पण बाहेर पायरीवर बसून मी माझ्या पणजीचं नाव आठवायचा प्रयत्न केला आणि आठवलं नाही. अण्णांना फोन केला. त्यांनाही माहीत नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचं नाव दगडात शाबूत आहे.

आपल्याकडे काहीच लिहिलेलं नाही, असंही नाही. हे संग्रहालय सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी पोर होती ती. वस्तूही आहेत. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांनी जिवापाड जपलेल्या वस्तू आहेत. पण त्या बाबासाहेबांच्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या कुठे आहेत?

संग्रहालयवाले सांगतात की दारं सगळ्यांना उघडी आहेत. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, १८ मेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. त्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या अनेक ठिकाणी तिकीट लागत नाही. फ्रान्समध्ये पिअर बोर्दिए आणि अलाँ दार्बेल यांनी १९६६ सालीच दाखवून दिलं होतं की फुकट प्रवेशाने फारसं काही बदलत नाही. शाळेने आणि घराने ज्यांना आत काय बघायचं ते शिकवलंय, तेच येतात. आपल्याकडे यात आणखी एक गंमत आहे. ज्या दिवशी आपली माणसं नवे कपडे घालून, पोरंबाळं घेऊन घराबाहेर पडतात, त्या १४ एप्रिलला सार्वजनिक सुट्टी म्हणून बरीच सरकारी संग्रहालयं बंद असतात. चार दिवसांनी वारसा दिनाला पुन्हा उघडतात.

आणि बोलावलं तर आपण येतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये लालबागेतलं पुष्पप्रदर्शन बाबासाहेबांच्या जीवनावर होतं. मी दोनदा गेले. रांगेत माझ्या पुढे निळ्या साड्या नेसलेल्या सहा बायका डबे घेऊन आल्या होत्या. फुलांपुढे फोटो काढून झाल्यावर त्यातली एक प्रत्येक पाटी बोट ठेवून, मोठ्याने वाचत होती. मागची रांग कुरकुरत होती, ती थांबली नाही.

वॉशिंग्टनमधलं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१६ साली उघडलं. २००३ साली कायदा झाला तेव्हा त्यांच्याकडे ठेवायला वस्तूच नव्हत्या. ते शहरोशहरी गेले, लोकांना घरातल्या पेट्या आणि माळे उघडायला सांगितलं, जुनं कापड, जुना कागद कसा जपायचा हे शिकवलं. त्यातून बरंच काही जमलं. आज तिथे वर्णभेदाच्या काळातला रेल्वेचा डबा उभा आहे, काळ्यांची बसायची जागा वेगळी असलेला. ते वाद्य दाखवतात तशी बेडीही दाखवतात, आणि कुणाच्या पायातली ते सांगतात.

उन्हाळी शिबिरात मला हेच हवं आहे. तमटे शिकवा, जरूर शिकवा. पण शिकवणाऱ्याला अर्धा तास बोलूही द्या, त्याच्या भाषेत, की हे वाद्य त्याच्या बापाला का वाजवावं लागलं आणि तो स्वतः ते का सोडत नाही. फी भरलेल्या आयांना ते ऐकून अवघडल्यासारखं झालं तर होऊ दे. मलाही झालं असतं.

शिबिर संपल्यावर मी अण्णांना फोन करून विचारलं, हलगी मला द्याल का, आणि सोबत कागदावर तुम्ही सांगाल ते लिहीन. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते जाळूनच टाकायचं होतं मला. तुझ्या आईनं ठिवलं." दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. कडं औसा तालुक्यातल्या एका लोहाराने केलं होतं, म्हणाले, आणि आज्याने त्याचे पैसे दिले नव्हते, त्याच्या पोरीच्या लग्नात फुकट वाजवलं होतं. हे लिही. मग आईने फोन घेतला आणि सांगितलं की कातडं एका बाजूने उंदरांनी कुरतडलंय.

भाचीला ते नीट करायचं आहे. मी म्हटलं, दिवाळीला येईन तेव्हा बघू, आधी खाली तर काढू.