हात जोडण्याची सक्ती

मुंबईच्या गिरगावात आंब्रोळीला मिशनचे ठाणे मांडून बसलेल्या जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा उसळलेला क्षोभ, आणि पुढे १८४३ साली कोर्टाच्या हुकुमाने मिशनऱ्यांकडून पित्याच्या हवाली झालेल्या श्रीपत शेषाद्री या अज्ञान मुलाच्या शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पत्करलेला स्वजातीयांचा रोष, यांचे स्मरण ज्या शहराला आहे, त्याला शाळा आणि उपासना यांचा संबंध किती नाजूक असतो हे निराळे सांगावयास नको. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) अन्वये सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेत संमतीवाचून, व अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीवाचून, कोणालाही धार्मिक उपासनेस हजर राहावयास लावता येत नाही; तरीही प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाला वेतनश्रेणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २०१३ साली त्याला न्याय मिळाला. सामुदायिक प्रार्थनेने चित्त निवते, हे मी मनःपूर्वक मानतो. परंतु दटावून जोडलेल्या हातांत भक्ती नसते, भय असते. दादर-परळच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच, की जे मूल हात न जोडता स्तब्ध उभे राहील, त्याला तसेच उभे राहू द्यावे, आणि हजेरीपटाखेरीज त्याचे नाव कोठेही नोंदवू नये.