वहीच्या मागच्या पानांवरची गोष्ट

कोणत्याही वस्तीत असे एखादे मूल आढळते. हाक मारली तरी वळून पाहत नाही. चमचे, वाट्या, बाटल्यांची झाकणे एका रांगेत लावीत बसते आणि ती रांग कुणी मोडली की रडून घर डोक्यावर घेते. बोलते कमी, नाहीतर एकच वाक्य दिवसभर घोकते. शेजारी म्हणतात, पोरगं वेडं आहे. कुणी आईला दोष देतात, कुणी नजर लागली म्हणून अंगारा आणून देतात. वास्तविक ही नजर नव्हे, करणी नव्हे, आणि आईच्या वागणुकीचा परिणाम तर मुळीच नव्हे. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच निराळी असते. त्याला ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ आहे.

या मुलांना काय येत नाही याची यादी आपण नेहमीच ऐकतो. आज त्यांना येणाऱ्या एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. यांतली अनेक मुले मनाने कथा रचतात. अगदी कल्पनेतल्या, कुठेही न वाचलेल्या.

हे मानायला जाणकारही बराच काळ तयार नव्हते. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची नोंद प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला जगासमोर नाव मिळाले. पुढे १९७९ साली लंडनमध्ये लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड या दोघींनी मुलांची पाहणी करून तीन अडचणी सांगितल्या. इतरांत मिसळणे, संवाद साधणे आणि तिसरी, कल्पना करणे. लॉर्नाबाई स्वतः अशाच एका मुलीच्या आई होत्या. त्यांच्या कामामुळे हजारो आईबापांना आधार मिळाला, हे विसरता येणार नाही. परंतु त्या तिसऱ्या अडचणीचा अर्थ लोकांनी सोयीने लावला. ही मुले भातुकली खेळत नाहीत, काडेपेटीची मोटार करून पळवीत नाहीत, तेव्हा यांना कल्पनाशक्तीच नाही, असा तो अर्थ. आपला 'स्वमग्न' हा शब्दही तसाच फसवा आहे. मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला जगाचे काही पडलेले नाही, असे त्यावरून वाटते.

त्या मुलांनीच लिहायला सुरुवात केली तेव्हा निराळे चित्र दिसू लागले.

तितो राजर्षी मुखोपाध्याय हा १९८९ साली जन्मलेला भारतीय मुलगा. त्याला बोलता येत नव्हते म्हटले तरी चालेल. आई सोमा यांनी त्याला गोष्टी, कविता, शाळेचे धडे मोठ्याने वाचून दाखवले. अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवायला शिकवले, हातात पेन्सिल बांधून अक्षर गिरवून घेतले. आठ ते अकरा वर्षे वयात त्याने जे लिहिले त्याचे 'बियाँड द सायलेन्स' हे पुस्तक २००० साली इंग्लंडच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने छापले. तेच लेखन पुढे अमेरिकेत 'द माइंड ट्री' या नावाने निघाले. ते नाव त्यातल्या एका कथेवरून आले आहे. कथेतले झाड स्वतः बोलते. त्याला चालता येत नाही, कुणाला हाक मारता येत नाही, पण त्याला मन आहे आणि ते विचार करते. एका लहान मुलाने स्वतःची स्थिती सांगण्यासाठी झाड शोधून काढले. ही कल्पनाशक्ती नव्हे तर काय?

नेदरलँड्सची कोरिन डायव्हिस किशोरांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहिते आणि ती स्वतः ऑटिस्टिक आहे. तिची 'ऑन द एज ऑफ गॉन' ही कादंबरी २०१६ साली आली. पृथ्वीवर धूमकेतू आदळणार आहे आणि वाचण्यासाठी एका अवकाशयानात जागा हवी आहे. यानवाले विचारतात, तुझा उपयोग काय? डेनिस नावाच्या ऑटिस्टिक मुलीला उत्तर द्यायचे आहे. 'तुझा उपयोग काय' हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या घरात कुणाला नवा आहे? एल मॅकनिकोल या स्कॉटलंडच्या ऑटिस्टिक लेखिकेची 'अ काइंड ऑफ स्पार्क' ही कादंबरी २०२० सालची. अकरा वर्षांच्या अॅडीला वर्गात कळते, की आपल्या गावात पूर्वी काही बायकांना चेटकिणी ठरवून मारले होते. त्या बायका कदाचित माझ्यासारख्याच निराळ्या असतील, असे तिच्या मनात येते आणि त्यांचे स्मारक व्हावे म्हणून ती गावाशी झगडते. स्वतःत बुडालेले मूल शेकडो वर्षांपूर्वीच्या बायकांसाठी भांडेल काय?

ज्याला बोलता येत नाही त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, हा समज जुना आहे. तो मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले आणि नाव ठेवले 'मूकनायक'. घरातल्या मुक्या लेकराबाबत मात्र आपणही तोच समज धरून बसतो.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. हिंजवडीत आयटी पार्कच्या आसपास उंच उंच सोसायट्या उभ्या आहेत. तिथे साफसफाईला, स्वयंपाकाला, वॉचमनकीला जाणारी माणसे आपलीच. समजा, अशीच एक बाई संध्याकाळच्या कामावर दहा वर्षांच्या मुलाला बरोबर नेते, कारण घरी त्याला पाहायला कुणी नाही. मुलगा लिफ्टमधले आकडे वाचतो. बारानंतर एकदम चौदा. पुष्कळ इमारतींत तेरावा आकडा अशुभ म्हणून गाळतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही. या मुलाला मात्र ते सोसत नाही. तेरावा गेला कुठे? आणि मग गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर गोष्ट सुरू होते. तेराव्या मजल्यावर कोण राहते, तिथे लिफ्ट कधी थांबते, तिथली माणसे चौदाव्या मजल्याशी का बोलत नाहीत. मुलगा रोज एक पान लिहितो, त्यात तीच लिफ्ट, तेच आकडे. गुरुजी म्हणतात, अभ्यास सोडून खुळ्यासारखे काय लिहितो? आई दमून आलेली असते. तिला वाटते, ही पाने फाडून टाकली तर पोर सुधारेल.

बाई, ती पाने फाडू नका. त्याला एखाद्या गोष्टीचा ध्यास लागतो म्हणता, पण त्याच ध्यासातून त्याची गोष्ट निघाली आहे. दुसरे मूल परीपासून सुरुवात करील, हे मूल आकड्यापासून करते. वाट निराळी आहे, एवढेच.

मग घरी काय करावे? एक वेगळी वही द्यावी आणि ती गोष्टींचीच ठेवावी. मूल बोलून सांगत असेल तर ज्या शब्दांत सांगते त्याच शब्दांत उतरवावे, खाली तारीख घालावी. शुद्धलेखन सुधारू नये, तात्पर्य जोडू नये. 'असे कुठे असते का' हा प्रश्न विचारू नये. 'मग पुढे काय झाले' एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. या मुलांना उत्तर द्यायला वेळ लागतो, ते आपल्याला नकार वाटते. लिहिता येत नसेल तर चित्रे काढू द्यावीत, मोबाइलवर मराठी अक्षरे दाबू द्यावीत. रोज रात्री एक तरी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, मूल ऐकते आहे असे दिसले नाही तरीही.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. आपण हात धरून किंवा पाटी पुढे धरून लिहून घेतले, तर शब्द मुलाचे की आपले? ज्या मुलांच्या लेखनात मोठ्यांनी अशी मदत केली, त्यांच्या पुस्तकांविषयी जगभर वाद झाले आहेत. तितोच्या आईने पुढे ज्या पद्धतीचा प्रसार केला, ती पद्धत वापरू नये, असे अमेरिकेतील वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली सांगितले. मुलाचे शब्द त्याचेच आहेत याचा पुरावा त्या पद्धतीत मिळत नाही, हे त्यांचे कारण. तितो पुढे आपल्या हाताने लिहू लागला, हेही खरे. आपण एवढे शिकावे, की मुलाने दोनच शब्द लिहिले तरी चालतील, पण ते त्याचे असावेत. आपले मोठे शब्द त्याच्या तोंडी घालणे हेही त्याला मुके करणेच आहे.

आणि प्रत्येक स्वमग्न मूल लेखक होईल असे नाही. प्रत्येक बोलके मूल तरी कुठे होते? एखाद्याला आकडे आवडतील, एखाद्याला नुसते पाणी ओतत राहणे. त्याला काय सांगायचे आहे ते पाहणे आपले काम.

हक्काचेही थोडे सांगतो. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ते आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही या मुलांसाठी आहे. प्रमाणपत्राची चौकशी सरकारी रुग्णालयात करावी. हिंजवडीकरांना औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ पडते. एक दिवसाचा खाडा होईल, पण तो करावा. कागद हातात असला की शाळेत बोलताना आवाज खाली जात नाही.

आज रात्री जेवणे झाली की मुलाच्या दप्तरातली वही काढा. पुढची पाने गुरुजींची असतात, ती राहू द्या. मागची पाने उघडा आणि त्याच्याजवळ बसून वाचा.