कायदा बांधापाशी थांबतो

आमच्या भागातील शेतकरी कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणत नाही. तो त्याला ‘औषध’ म्हणतो. ‘आज मिरचीला औषध मारायचे आहे’, ‘दुकानातून औषध आणले का?’ अशीच भाषा घरोघरी ऐकू येते. पिकाच्या दृष्टीने पाहिले तर ह्या शब्दात काही गैर नाही, कारण किडीने ग्रासलेल्या पिकाला ते खरोखरच वाचवते. परंतु ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्या दृष्टीने हा शब्द घातक आहे. औषधाचे चार थेंब हातावर पडले तर माणूस ते सदऱ्याला पुसून मोकळा होतो. विषाचे पडले असते तर तो धावत विहिरीवर गेला असता. म्हणून ह्या लेखात तरी आम्ही त्याला विष असेच म्हणणार आहोत.

शाळेच्या वार्षिक अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलामुलींच्या घरी शेती आहे. कोणाकडे ऊस आहे, कोणाकडे सोयाबीन, बटाटा, मिरची वा कोबी आहे. निपाणीकडच्या मुलांच्या घरी तंबाखू असते. फवारणीचा डबा घरी कोठे ठेवतात, असे एकदा वर्गात विचारले, तेव्हा उत्तरे आली ती अशी : गोठ्यात, न्हाणीघराच्या कोनाड्यात, माळ्यावर पोत्याखाली, आणि एका घरी तर स्वयंपाकघराच्या दारामागे. उत्तरे देताना मुले हसत होती. आम्हांला मात्र हसू आले नाही.

ह्या बाबतीत आपल्या देशात कायदा नाही असे नव्हे. तो का झाला, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाचे विष मालवाहतुकीत गळून गव्हाच्या पिठाला लागले. त्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा संमत झाला आणि १९७१ साली त्याखालील नियम आले. केंद्रीय समितीकडे नोंद झाल्याखेरीज कोणतेही कीटकनाशक देशात तयार करता येत नाही की आणता येत नाही. आणि परवान्यावाचून ते विकता येत नाही. शहरात ढेकूण, झुरळे, वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो. तो मिळण्यासाठी कृषिशास्त्राची किंवा रसायन विषयासह विज्ञानाची पदवी हवी; शिवाय म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील ठरावीक संस्थेत किमान १५ दिवसांचे शिक्षण घेतल्याचा दाखला हवा. कामगारांची वैद्यकीय तपासणी, त्यांचे संरक्षक कपडे, त्यांचे प्रशिक्षण ह्यांविषयीही नियम आहेत. वाचून समाधान वाटावे असाच हा सर्व प्रकार आहे.

परंतु त्याच कायद्याचे ३८ वे कलम वाचले म्हणजे हे समाधान टिकत नाही. स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी, अथवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कोणी कीटकनाशक वापरले, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही, असा त्या कलमाचा आशय आहे. कायदा कारखान्यात जातो, गोदामात जातो, दुकानाच्या फळीपर्यंत येतो. आणि शेताच्या बांधापाशी येऊन थांबतो. दिवाणखान्यातील झुरळे मारणाऱ्याला पदवी पाहिजे, आणि त्याहून जहाल विष पाठीवर घेऊन दिवसभर पिकातून चालणाऱ्याला अक्षरओळखही नको, अशी ही विपरीत स्थिती आहे.

ह्या स्थितीची किंमत काय पडते, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर विषबाधा होऊन रुग्णालयात आले. वीसच्या आसपास माणसे मरण पावली आणि कित्येकांची दृष्टी काही काळ मंदावली. कपाशी त्या साली डोक्याइतकी उंच वाढली होती. त्यामुळे फवारा वर धरावा लागे आणि तोच तोंडावर, छातीवर उतरे. अनेकांनी दोन-तीन विषे एकत्र कालवली होती. हवा दमट, कपडे घामाने चिंब, हातमोजे बहुतेकांजवळ नाहीत. विष पोटात गेले तरच मारते, अशी आपली समजूत असते. परंतु फवारणाऱ्याच्या शरीरात ते मुख्यतः कातडीतून शिरते.

ते शिरून काय करते? आपल्या नसांचा निरोप स्नायूंपर्यंत एका द्रव्याच्या द्वारे पोचतो, आणि काम झाले की ते द्रव्य मोडून टाकणारे विकर शरीरात असते. फॉस्फरसयुक्त सेंद्रिय विषे त्या विकरालाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, दृष्टी अंधुक होते, स्नायू थरथरू लागतात आणि अखेरीस श्वास कोंडतो. किडा मरतो तो ह्याच रीतीने, आणि माणूसही ह्याच रीतीने मरतो. लहान किडीला थेंबाचा अंश पुरतो, माणसाला अधिक लागते, एवढाच काय तो भेद.

कायद्याने शेतकऱ्याला मोकळे ठेवले त्यात दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. आपल्याच दोन एकरांत आपल्याच हाताने फवारणाऱ्या अडाणी माणसामागे परवान्याचा आणि दंडाचा ससेमिरा लावू नये, हा विचार दयेचाच होता. परंतु आज फवारणी बहुधा मालक करीत नाही. ती मजूर करतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला मजुरी पंपांच्या संख्येवर मिळते. जितके पंप अधिक तितके पैसे अधिक. मग तो वाऱ्याची दिशा कशाला पाहील आणि हात धुण्यास कशाला थांबेल? म्हणून आमचे मत असे की, मजुरीवर फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला थोडक्या दिवसांचे विनामूल्य शिक्षण व त्याचे ओळखपत्र मिळावे. हे शिक्षण ग्रामपंचायतीत अथवा रयत संपर्क केंद्रात देता येईल. हातमोजे, तोंडावरील जाळी आणि अंगभर कपडे पुरविण्याचे बंधन मालकावर असावे. परवान्याचा जाच मजुराला नको; त्याची जबाबदारी मालकाने आणि सरकारने उचलावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर बांध ओलांडून शेतात जाणारा कायद्याचा एकच अंश आहे, आणि तो म्हणजे डब्यावरची अक्षरे. प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. तांबडा म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. तांबड्याच्या वर कवटीचे चित्र व ‘विष’ हा शब्द असतो. पिवळ्याच्या वर कवटी नसली तरी ‘विष’ हा शब्द असतोच. हिरवा रंग पाहून काही लोकांना ते निर्धोक वाटते. हा भ्रम होय. हिरव्यावरही सावधगिरीचा इशारा छापलेला असतो. डब्याबरोबरच्या पत्रकात कोणत्या पिकावर वापरावे, पाण्यात किती घालावे, कोणते कपडे घालावेत, विषबाधेची लक्षणे कोणती आणि उतारा कोणता, हे सर्व असते. ते पत्रक बहुतेक घरांत पेटीबरोबर उकिरड्यावर जाते.

आमच्या सीमाभागात तर भाषेचीही अडचण आहे. नियमाप्रमाणे हा मजकूर हिंदी, इंग्रजी आणि त्या त्या प्रदेशातील एक-दोन भाषांत छापावा लागतो. आमच्याकडील दुकानांत कधी कन्नड पत्रक येते, तर कधी महाराष्ट्रासाठी छापलेले मराठी. घरातील आजोबांना मराठी वाचता येते पण कन्नड येत नाही. आणि मजुराला कित्येकदा दोन्ही येत नाहीत. तिन्ही-चारी लिप्या वाचू शकणारे घरात एकच माणूस असते, आणि ते म्हणजे आमच्या शाळेतील विद्यार्थी. कन्नड कशाला शिकायचे, हिंदीचा काय उपयोग, असे विचारणाऱ्या मुलांना ह्याहून चांगले उत्तर आम्हांला सुचत नाही.

अक्षरे वाचली की सवयींकडे पाहावे लागते, कारण विष बहुधा सवयींच्या वाटेने आत येते. पंपाची तोटी तुंबली की ती तोंडाने फुंकायची. हाताने द्रावण ढवळायचे. मध्येच बांधावर बसून त्याच हातांनी तंबाखू मळायची. संध्याकाळी ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे. ह्यांपैकी एकही गोष्ट पैशांअभावी घडत नाही. तोटीसाठी बारीक तार, ढवळण्यासाठी काठी आणि धुण्यासाठी साबण एवढे कोणत्याही घरात असते. भर उन्हात जाड कपडे सोसवत नाहीत, हे खरे. परंतु म्हणूनच फवारणी सकाळी वा सायंकाळी, वारा शांत असताना आणि वाऱ्याकडे पाठ करून करावयाची असते.

रिकाम्या डब्याचे तर विशेष भय आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन ह्या गावी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे विष आढळले; पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ते तेल ठेवले गेले असावे, असा तर्क तपास करणाऱ्यांनी मांडला. ती तुमच्याच वयाची, किंबहुना तुमच्याहून लहान मुले होती. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असा नियम आहे. आमच्याकडे मात्र ‘चांगला मजबूत डबा आहे’ म्हणून त्यात रॉकेल, पाणी, क्वचित बियाणेही भरले जाते. असा डबा घरात दिसला तर त्याला भोके पाडल्यावाचून राहू नका.

शेती नसलेल्या घरांनीही निर्धास्त राहू नये. गव्हाच्या कोठीत ठेवण्यासाठी काही लोक ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोठूनतरी मिळवतात. दमट हवा लागताच त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांना तो उठू देत नाही. ह्या गोळ्या सामान्य माणसाला विकण्यास मनाई आहे. त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावयाच्या असतात. घरच्या धान्याला कडक ऊन, कडुलिंबाचा पाला आणि एरंडेलाचा हात पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणाची आहे. आमच्या जिल्ह्यातील भाजी रोज घाट उतरून गोव्यात जाते. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे पत्रकात लिहिलेले असते. बाजारभाव चढला म्हणून काल फवारलेली भाजी आज तोडणारा शेतकरी स्वतःच्या ताटातील भाजी मात्र वेगळ्या वाफ्यातून आणतो, असे आम्ही पाहिले आहे. म्हणजे त्याला कळत नाही असे नाही. पणजीच्या वा म्हापशाच्या बाजारात ती भाजी घेणाऱ्या आईचे मूल आपल्याला दिसत नाही, एवढेच. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच.

आता विद्यार्थ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. तुम्ही स्वतः पंपाला अथवा डब्याला हात लावू नका. ते तुमचे काम नव्हे. तुमचे काम वाचण्याचे आहे. फवारणीच्या आदल्या रात्री ते पत्रक घ्या आणि घरातील मोठ्यांसमोर व कामावर येणाऱ्या गड्यासमोर मोठ्याने वाचा. ‘आप्पा, एवढे ऐका आणि मग झोपा,’ असे नम्रपणे म्हटले तर कोणते आप्पा रागावतील? कदाचित पहिल्या दिवशी ते म्हणतील, ‘वीस वर्षे मारतोय, मला काय झाले?’ त्यांच्याशी वाद घालू नका. दुसऱ्या वेळी पुन्हा वाचा. कोणाला घेरी आली, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याला तेथून दूर न्यावे, कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवावे, १०८ ला बोलवावे आणि डबा अथवा पत्रक डॉक्टरांकडे बरोबर न्यावे. कोणते विष ते कळले, तर उताऱ्याला वेळ लागत नाही.

शाळेत तुम्ही जे वाचता त्याची परीक्षा मार्च महिन्यात होते. ह्या वाचनाची परीक्षा पावसाळ्यात, शेताच्या बांधावर होते, आणि तेथे नापास होणाऱ्याला पुन्हा बसण्याची सोय नाही. कायदा बांधापाशी थांबला तर थांबो. तुम्ही शिकलेली अक्षरे तेथे थांबू नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.