तपासणीच्या रांगेत कामगार का उभा राहत नाही?

सातारा जिल्ह्यातील औंध ही एकेकाळी एका लहान संस्थानाची राजधानी होती. तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्काराचा ध्यास होता. ते स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत. त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला आणि संस्थानातील शाळांतही नमस्कार सुरू केले. याच संस्थानात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या कुंडलच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे कारखाना आणि आरोग्याचा प्रचार या दोन्ही गोष्टी या मुलखाला नव्या नाहीत.

आज सातारा-सांगलीच्या औद्योगिक वसाहतींत हा प्रचार निराळ्या रूपात येतो. आरोग्य शिबिरे भरतात, योगवर्ग होतात, पावले मोजणारी घड्याळे वाटली जातात. आणि मग व्यवस्थापनाची तक्रार ऐकू येते की, एवढे करूनही कामगार येत नाहीत. त्यांना आरोग्याचे महत्त्वच कळत नाही. हे निदान आम्हांस मान्य नाही. शाळकरी मुलाला हुकमाने नमस्कार घालावयास लावता येतील. परंतु चाळिशी ओलांडलेला कामगार आपला रक्तदाब कारखान्याच्या कचेरीच्या हाती सुखासुखी देणार नाही. तो कागद कोणत्या टेबलावर जातो, हे त्याला ठाऊक नसते. कपातीची वेळ आली की त्याच कागदाच्या आधारे आपले नाव यादीत चढेल, ही त्याची शंका आहे. ती अडाणीपणाची नव्हे, अनुभवाची आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी थांबवून योगासने करावयास सांगणे म्हणजे त्याच्या झोपेतूनच आरोग्याचा खर्च वसूल करणे होय. फाउंड्रीत ओतीव लोखंडावरची वाळू झाडणाऱ्या, ते घासून साफ करणाऱ्या कामगाराची स्थिती तर याहून गंभीर. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते आणि सिलिकोसिस जडतो. फुप्फुसाला झालेली ती हानी भरून येत नाही. हा रोग कायद्याने व्यवसायजन्य मानला आहे आणि त्याबद्दल भरपाई मागता येते. अशा माणसाला धूळ खेचून घेणारी यंत्रणा न देता प्राणायाम शिकविणे ही थट्टा आहे. प्राणायामाशी आमचे वैर नाही. पण तो कोणत्या हवेत करावयाचा, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

म्हणून कामगारांनी अशा योजनांवर बहिष्कार घालावा काय? मुळीच नाही. मधुमेह आणि रक्तदाब पुष्कळ काळ मुकाट्याने शरीर पोखरतात. ते वेळीच कळणे कामगाराच्याच हिताचे आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ठरावीक वर्गाच्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करावी, अशी तरतूद आहे. ती मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून घेतली पाहिजे. त्यासाठी अहवाल मराठीत आणि केवळ कामगाराच्या हाती द्यावा, तपासणी कामाच्या वेळेत व्हावी, कंत्राटी कामगारालाही तीच रांग असावी आणि डॉक्टर ठरविताना कामगारांच्या प्रतिनिधींना विचारावे. यात आमच्या चळवळीचाही दोष आहे. मागणीपत्रात बोनसचे कलम आम्ही ज्या तपशिलाने लिहिले, त्या तपशिलाने धुळीचे कधी लिहिले नाही.

औंधच्या त्याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. आपल्या आरोग्य योजनेचा कारभार कामगारांच्या समितीकडे देण्याइतके धैर्य किती व्यवस्थापक दाखवितात, हे पाहावयास आम्ही उत्सुक आहोत.

आणि या दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखान्यांना आणखी एक प्रश्न विचारावयाचा आहे. बीडकडून येणारा ऊसतोड कामगार मुकादमाचा समजला जातो. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, म्हणून शिबिराच्या यादीतही नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला २०१९ साली समिती नेमावी लागली. काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात, म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या या स्त्रियांच्या पालापर्यंत डॉक्टर जाणार आहे काय, आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार, हे पुढील हंगामाची मोळी टाकण्यापूर्वी कारखान्यांनी जाहीर करावे.