फळा, खडू आणि प्रवेशअर्ज

बारावीचा निकाल लागून जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत प्रवेशअर्जांची वर्दळ सुरू झाली, की माहितीपत्रकांतील पडदे, प्रोजेक्टर व टॅब यांच्या वर्णनांनी पालक दिपून जातात. परंतु ज्या विद्यार्थ्यास फळ्यावर पायरीपायरीने उलगडणारी सिद्धता वहीत उतरवूनच विषय उमजतो, त्याने आपल्या या आवडीचा यत्किंचितही संकोच बाळगू नये. अमळनेरच्या शाळेत शिकविताना साने गुरुजी ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून विद्यार्थ्यांपुढे ठेवीत. ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास आहे, त्यांना अक्षरओळखही नव्हती. आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील मोडी दप्तरे वाचावयाची, तर आजही सराव आणि चिकाटीच हवी. यावरून उपकरणे त्याज्य ठरत नाहीत. विद्येचे अधिष्ठान मात्र ती नव्हेत.

अर्ज, हजेरी व निकाल संगणकावरच चालणार, त्याविषयी तक्रार व्यर्थ. तथापि दाखला दाखल करण्यापूर्वी मागच्या बाकावर बसून एखादा तास ऐकण्याची परवानगी मागावी, ग्रंथालयातील कपाटे खुली की कुलूपबंद हे पाहावे, आणि प्राध्यापक खडू हाती घेतात की पडद्यावरची वाक्ये नुसती वाचून दाखवितात, याची चौकशी वरच्या वर्गांतील मुलांकडे करावी. माहितीपत्रकापेक्षा त्यांचा खुलासा अधिक भरवशाचा.