उतरल्यावर पहिला मुक्काम

भाची डिसेंबरात विमानाने पुण्यात येतेय. शनिवारवाडा, लाल महाल, सिंहगड अशी दोन दिवसांची यादी तिने पाठवली. मी येरवड्यात राहते, त्यामुळे यादीत सगळ्यात वर आगाखान पॅलेस लिहिला. लोहगावला उतरलं की शहरात शिरण्याआधी वाटेतच तो लागतो, आणि निम्मे पाहुणे बाहेरूनच पुढे जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. 1892 मध्ये बांधलेला हा वाडा ऑगस्ट 1942 मध्ये तुरुंग झाला. गांधीजी इथे आले आणि आठवडा उलटायच्या आत, 15 ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले. 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. आवारात दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. भाचीला बजावलंय, सामान माझ्याकडे टाक, सकाळी ऊन चढायच्या आत जाऊ, निदान दीड तास हाताशी ठेव. नंतर मेट्रोने महापालिका स्थानक गाठायचं. तिथून पूल ओलांडला की शनिवारवाडा. सिंहगड दुसऱ्या दिवशी, पहाटेच निघून.